येलहंका नाडूचे दगड काय सांगतात

आजच्या नकाशात येलहंका हे बंगळूरचे उत्तरेकडचे उपनगर आहे. हवाई दलाचा तळ, रेल्वेची चाके बनवणारा कारखाना आणि विमानतळाकडे धावणारा रुंद रस्ता, एवढीच त्याची ओळख अनेकांना असते. पण शहराच्या आग्नेय बाजूला डोमलूर नावाची वस्ती आहे. तिथल्या चोक्कनाथस्वामी देवळाच्या दगडांवर तेराव्या शतकातले तमिळ लेख आहेत. त्यांत गावाचा पत्ता दिला आहे तो असा : राजेंद्रचोळ वळनाडूतल्या इलैपाक्क नाडूमधले तोंबलूर, म्हणजेच देशिमाणिक्कपट्टणम. नाडू म्हणजे अनेक गावांचा मुलूख. तोंबलूर म्हणजे आजचे डोमलूर आणि इलैपाक्क म्हणजे येलहंका. होयसळांच्या कन्नड लेखांत हेच नाव एलहक्क असे येते.

येलहंक्यापासून डोमलूर आज सुमारे वीस किलोमीटर दूर आहे. म्हणजे ज्या गावाला आपण बंगळूरचे उपनगर म्हणतो, त्या गावाच्या नाडूत आजच्या बंगळूरचा मोठा भाग मोडत होता. 1537 मध्ये केंपेगौडाने बंगळूरचा किल्ला आणि पेठ वसवली, तेव्हा तो स्वतःला येलहंका नाडूचा प्रभू म्हणवत होता. येलहंक्याच्या या थोरवीची आठवण राज्यकर्त्यांच्या बखरींपेक्षा देवळाच्या पायात बसलेल्या दगडांनी जास्त नीट जपली आहे. म्हणून या प्रकरणात आपण येलहंका हा शब्द जुन्या अर्थाने, नाडू म्हणूनच वापरू.

या नाडूत आणि त्याच्या शेजारी सापडणारे लेख कन्नड, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत अशा निरनिराळ्या भाषांत आहेत. ते पाहून पहिला प्रश्न मनात येतो तो असा की ही जमीन मग कोणाची? बंगळुरात हा प्रश्न आजही तावातावाने विचारला जातो. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. शिलालेखाची भाषा मातीची मालकी सांगत नाही. तो लेख कोणी कोरवला, कोणासाठी कोरवला आणि दानाचा हिशेब कोणाच्या दप्तरात लागणार होता, हे ती सांगते. एवढे ध्यानात ठेवले तर हे दगड फार मनमोकळेपणाने बोलतात.

सुरुवात हेब्बाळपासून करू. येलहंक्याहून शहरात शिरताना हे गाव लागते. 2018 साली इथे एक वीरगळ उजेडात आला. त्याच्या अक्षरांच्या वळणावरून तो इ.स. 750 च्या सुमाराचा ठरतो, आणि बंगळूर शहरातला आजवरचा सर्वांत जुना कन्नड लेख म्हणून त्याला मान मिळाला आहे. गंग राजा श्रीपुरुष राज्य करत असताना पेर्बोळल् नाडू, म्हणजे तीस गावांचा हेब्बाळ परिसर, रट्टांच्या स्वारीखाली आला. तेव्हा कित्तय्या नावाचा माणूस लढता लढता पडला आणि इंद्रलोकी गेला, अशी हकीकत या लेखात आहे. कित्तय्याविषयी आणखी कुठेही काही सापडत नाही. तीस गावांच्या एका लहानशा नाडूतल्या एका माणसाचे मरण पावणेतेराशे वर्षे टिकले, ते या एका दगडामुळे.

त्यातला 'रट्ट' हा उल्लेख मराठी वाचकाने जरा थांबून वाचावा. रट्ट म्हणजे राष्ट्रकूट, वेरूळच्या कैलास लेण्याचे राज्यकर्ते. त्या लेण्याचे श्रेय ज्याला देतात त्या पहिल्या कृष्णराजाचा एक ताम्रपट पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरे इथे मिळाला. तो शके 690 चा, म्हणजे इ.स. 768 चा आहे. पुण्याच्या जुन्यात जुन्या उल्लेखांपैकी एक त्यात आहे. 'पुनक विषय' असे त्या प्रदेशाचे नाव येते आणि तिथली गावे दान दिल्याचे त्यात लिहिले आहे. हा ताम्रपट दिला गेला तो कृष्णराजाच्या मान्यनगरच्या छावणीतून. मान्यनगर म्हणजे गंगांचे मण्णे, आजच्या बंगळूर ग्रामीण जिल्ह्यात नेलमंगलजवळचे गाव. गंगांवर चाल करून गेलेला राजा त्यांच्याच राजधानीत तळ ठोकून पुण्याजवळची गावे दान देत होता! हेब्बाळचा दगड आणि तळेगावचा पत्रा एकाच लढाईचे आहेत असे म्हणता येणार नाही. पण दोन्ही एकाच संघर्षाच्या काळातले आहेत. एक संस्कृतात आहे, दुसरा कन्नडात. एक जिंकणाऱ्याचा आहे, दुसरा गाव राखताना मेलेल्याचा. भाषांचा फरक इथे सरळ सरळ कामाचा फरक आहे. राजाच्या दानपत्राला संस्कृत लागे. वीरगळ गावकऱ्यांसाठी असे, त्यामुळे तो गावच्या बोलीत.

गंगांच्या ताम्रपटांत ही वाटणी एकाच पत्र्यावरही दिसते. राजाची वंशावळ, त्याचे पराक्रम आणि दानाचे पुण्य हा भाग संस्कृतात असतो. पण जमिनीच्या चतुःसीमा सांगायची वेळ आली की भाषा बदलते आणि कन्नड सुरू होते. पूर्वेला अमुक तळे, दक्षिणेला वारूळ, पश्चिमेला चिंचेचे झाड, अशा धाटणीचा हा मजकूर असतो. उद्या हद्दीचा तंटा उभा राहिला तर साक्षीला येणारा शेतकरी ते वाचणार किंवा वाचून घेणार, म्हणून ते त्याच्या भाषेत. महाराष्ट्रातही हेच घडत होते. अलिबागजवळच्या आक्षीच्या शके 934 च्या, म्हणजे 1012 च्या शिलालेखात संस्कृत आणि मराठी अशाच हातात हात घालून येतात.

आता बेगूरला जाऊ. शहराच्या दक्षिणेकडचे हे गाव येलहंका नाडूत नव्हते, पण त्याला वगळून बंगळूरचे लेख सांगता येत नाहीत. तिथल्या नागेश्वर देवळात नवव्या शतकाच्या अखेरचा एक कन्नड वीरगळ आहे. 'बेंगळुरूच्या लढाईत' मेलेल्या माणसाची ती आठवण आहे, आणि या नावाचा हा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख. बाराव्या शतकातल्या वीर बल्लाळाने एका म्हातारीकडे उकडलेल्या शेंगा खाल्ल्या आणि त्यावरून गावाला नाव पडले, ही गोष्ट अजूनही सांगितली जाते. पण बल्लाळाच्या जन्माआधी अडीचशेहून जास्त वर्षे बेंगळुरू दगडावर नोंदले गेले होते. बेगूरचाच आणखी एक मोठा वीरगळ बंगळूरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात आहे. त्यावर आख्खे रणांगण कोरलेले आहे. हत्ती, घोडे, ढालकरी, पडलेली प्रेते आणि त्या प्रेतांवर तुटून पडलेली गिधाडे, असा तो देखावा आहे. वीरगळ म्हटला की खाली लढाई, मध्ये अप्सरा आणि वर शिवलिंग अशी तीन टप्प्यांची पाटी आपल्या डोळ्यांसमोर येते. ती मांडणी पुढे रूढ झाली. या दगडात मात्र शिल्पकाराने स्वर्गापेक्षा युद्धालाच जास्त जागा दिली आहे.

अकराव्या शतकाच्या आरंभी चोळांनी गंगांचे राज्य बुडवले, तेव्हा कारभारासोबत तमिळ लेख आले. नाडूंच्या वर वळनाडू, त्याच्या वर मंडलम अशी नवी उतरंड आली आणि प्रदेशांना चोळ राजांच्या बिरुदांची नावे मिळाली. गंगांचे राज्य कागदोपत्री मुडिकोंडचोळ मंडलम झाले.

पण या राजवटीतला एक दगड मला बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तो बंगळूरच्या पूर्वेला कडुगोडी इथे आहे. राजेंद्र चोळाच्या काळातला, 1043 चा हा तमिळ लेख पट्टंदूरचे तळे बांधल्याची नोंद करतो. तळे खोदले, त्याला तूंब, म्हणजे पाणी सोडायच्या मोऱ्या, बसवले, आणि गणपती, दुर्गा व क्षेत्रपाळ यांची स्थापना केली. हे काम केले राजराज वेळान या स्थानिक मुखियाने. लेखात त्याच्या बापाचे नाव आहे पेर्माडी गावुंड.

ही दोन नावे शेजारी ठेवून पाहा. 'पेर्माडी' हे गंग राजांचे बिरुद आणि 'गावुंड' म्हणजे कन्नड मुलखातला पाटील, आजचा गौडा. 'राजराज' हे चोळ सम्राटाचे नाव आणि 'वेळान' ही तमिळ जमीनदारांची पदवी. बाप गंगांच्या अमदानीतला पाटील, मुलगा चोळांच्या अमदानीतला वेळान. घर तेच, गाव तेच, जमीनही बहुधा तीच. राज्य बदलले तशी नावाची ठेवण बदलली आणि दप्तराची भाषाही बदलली. जो माणूस काल कन्नडात दान नोंदवत असता तोच आज तमिळात नोंदवतो आहे. या एका घराण्याकडे पाहिले की भाषेवरून लोकांची ये-जा ठरवण्याची घाई किती धोक्याची आहे ते कळते. बाहेरून आलेली तमिळ माणसे या भागात नक्कीच होती. व्यापारी, पुजारी, अधिकारी सगळे आले. पण प्रत्येक तमिळ लेखामागे तमिळ माणूसच असला पाहिजे, असे मुळीच नाही.

ते तळे ही त्या काळाची दुसरी मोठी खूण आहे. या पठारावर बारमाही नदी नाही. पाऊस पडतो तो उतारावरून वाहून जातो, म्हणून ओढ्याला बांध घालून पाणी अडवायचे, वरचे तळे भरले की खालच्या तळ्यात सोडायचे, आणि तूंबातून शेताला द्यायचे, अशी साखळी इथल्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या उभारली. या भागातल्या गंगांच्या, चोळांच्या आणि होयसळांच्या लेखांत तळी, तूंब आणि तळ्याखालच्या जमिनी पुन्हा पुन्हा येतात. राजे बदलले, भाषा बदलल्या, पाण्याची चिंता तीच राहिली. आज बंगळूर टँकरवर जगते, तेव्हा हे दगड इतिहासाइतकेच पाणीवाटपाचेही कागद आहेत.

होयसळ विष्णुवर्धनाने 1116-17 च्या सुमारास तलकाड घेऊन चोळांची सत्ता उखडली. मग कन्नड पुन्हा सर्वत्र यायला हवी होती. ती आली, पण तमिळही राहिली. डोमलूरचे लेख चोळ गेल्यानंतर दीडशे वर्षांनी कोरलेले आहेत. याला एक ठोस कारण आहे. होयसळ राजा सोमेश्वराने 1254 च्या सुमारास राज्य दोन मुलांत वाटले. नरसिंहाला द्वारसमुद्राकडचा कन्नड प्रदेश मिळाला. रामनाथाला दक्षिणेकडचा तमिळ मुलूख आणि त्यासोबत कोलार-बंगळूरचे पठार मिळाले. पुढे पांड्यांनी त्याचा तमिळ मुलूख हिसकावला आणि रामनाथाला या पठारावरूनच राज्य करावे लागले. त्याच्या कारकुनांना सवय तमिळाची होती. डोमलूरच्या देवळाला त्याने गावाच्या उत्पन्नातून दान दिल्याची नोंद तमिळातच आहे. म्हणजे कन्नड घराण्याचा राजा कन्नड पठारावर तमिळात दाने नोंदवत होता, आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नव्हते. पंधराव्या शतकात विजयनगरच्या दुसऱ्या देवरायाच्या काळी त्याच देवळात कन्नड लेख कोरला गेला.

राज्याची वाटणी करणारा हा सोमेश्वर वारकऱ्यांनाही परका नाही. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात 1237 चा एक लेख आहे, संस्कृत आणि कन्नड अशा दोन भाषांतला. भीमरथीच्या काठी पंडरगे इथे तळ असताना सोमेश्वराने विठ्ठलाच्या पूजेअर्चेसाठी दान दिल्याचे त्यात म्हटले आहे. ज्ञानेश्वरांच्या जन्माच्या कितीतरी आधीचा हा लेख आहे. त्यात कन्नड आहे म्हणून पंढरी मराठी राहत नाही का? राहते ना? मग तोच न्याय येलहंका नाडूतल्या तमिळ लेखांना लावायला हवा.

एकाच ठिकाणी, एकाच गोष्टीसाठी तीन भाषा वापरल्याचे ठळक उदाहरण पाहायला श्रवणबेळगोळला जावे लागते. बंगळूरपासून दीडशे किलोमीटरच्या आत असलेल्या विंध्यगिरीवर गोमटेश्वराची सत्तावन्न फूट उंचीची मूर्ती आहे. तिच्या पायांशी दोन्ही बाजूंना वारुळांच्या आकाराचा खडक सोडलेला आहे, त्यावर हे लेख आहेत. गंगांचा सेनापती चामुंडराय याने ही मूर्ती करवली, एवढेच वाक्य तिथे तीनदा आहे. एकदा कन्नड लिपीत कन्नडमध्ये, एकदा ग्रंथ आणि वट्टेळुत्तू अक्षरांत तमिळमध्ये, आणि एकदा नागरीत मराठीत : 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. त्याखाली होयसळांचा सेनापती गंगराज याने भोवतालची ओवरी बांधल्याची ओळ आहे, 'श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें'. पूर्वी पहिली ओळ मूर्तीच्या काळाची, म्हणजे 983 च्या सुमाराची मानत, आणि तिला मराठीतला आद्य लेख म्हणत. पण दोन्ही नागरी ओळींचे अक्षर सारखे दिसते, म्हणून अनेक अभ्यासक दोन्ही 1117 च्या आसपासच्या मानतात. आद्यत्वाचा मान आता आक्षीला दिला जातो. पण मला त्या मानापेक्षा ही ओळ तिथे आहे याचेच मोल जास्त वाटते. तीर्थावर कोण येते हे ती कोरवणाऱ्याला ठाऊक होते. मराठी बोलणारे जैन यात्रेकरू तिथवर पोचत होते आणि त्यांना वाचता यावे म्हणून दगड खर्ची पडला. रोझेटाच्या शिळेवर एकच फर्मान तीन लिप्यांत आहे ते पुरोहितांचा ठराव सर्वांपर्यंत पोचवण्यासाठी. इथे आज्ञा कोणालाच द्यायची नव्हती, आलेल्या प्रत्येकाला फक्त सांगायचे होते.

सतराव्या शतकात मराठी माणसे राज्यकर्ती म्हणून या पठारावर आली. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर घेतले, येलहंका नाडूचे प्रभू मागडीकडे सरकले, आणि शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली. शहाजींच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये या कवीने रचलेल्या 'राधामाधवविलासचंपू'त संस्कृतासोबत मराठी, कानडी, फारसी, गुजराती अशा अनेक भाषांतली कवने आहेत. हा ग्रंथ वि. का. राजवाड्यांनी 1922 मध्ये प्रसिद्ध केला. आणि ज्या प्रभूंची जागा शहाजींनी घेतली, त्यांच्या घराण्यातल्या केंपेगौडाच्या नावावर एक यक्षगान आहे ते तेलुगूतले.

शहाजींचे पुत्र व्यंकोजी यांचा शिलालेख मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळापाशी खडकावर आहे. 1669 मध्ये त्यांनी मल्लापूरच्या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिले, ते आजच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या परिसरात होते. भोसल्यांनी दिलेले हे दान कोरले आहे कन्नडात. पुढे हेच व्यंकोजी तंजावरला गेले, आणि त्यांच्या वंशातल्या दुसऱ्या सरफोजींनी 1803 मध्ये भोसले कुळाचा इतिहास बृहदीश्वराच्या प्राकारावर मराठीत कोरवला. इतका लांब मराठी शिलालेख दुसरा नाही. देवाला गाव द्यायचे तेव्हा गावाला कळेल अशी भाषा; कुळाचा अभिमान सांगायचा तेव्हा घरची भाषा. एकाच घराण्याचे हे दोन लेख, आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य.

भाषा कोणतीही असो, दानलेखाचा शेवट मात्र सगळीकडे ओळखीचा असतो. चंद्रसूर्य असेतोवर हे दान चालावे, आणि जो मोडेल त्याला पाप लागावे. कन्नड लेख म्हणतात, वाराणसीला कपिला गाय मारल्याचे पाप. तमिळ लेख म्हणतात, गंगेकाठी गाय मारल्याचे पाप. आपल्याकडच्या शिलाहारांच्या गधेगाळीवरची, म्हणजे शापाच्या शिळेवरची, शिवी याहून उघडी, पण हेतू तोच. वाचता न येणाऱ्यालाही दगडावर कोरलेले चंद्रसूर्य समजत.

हे सारे आपल्याला वाचता येते त्याचे मोठे श्रेय बी. एल. राईस यांचे. ते बंगळुरातच 1837 मध्ये जन्मले. म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्यात असताना त्यांनी गावोगावचे लेख टिपून 'एपिग्राफिया कर्नाटिका'चे खंड काढले. बंगळूर जिल्ह्याचा नववा खंड 1905 चा. दगड घासून धुवायचा, त्यावर ओला कागद बसवायचा, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत शिरवायचा, मग शाईचा गोळा फिरवून ठसा घ्यायचा, असे ते काम. आज मिथिक सोसायटी ही 1909 सालची संस्था बंगळूर परिसरातल्या शिलालेखांचे थ्रीडी स्कॅनिंग करते आहे. संगणकावर प्रकाश हवा त्या कोनातून टाकता येतो, त्यामुळे झिजलेली अक्षरेही उठून दिसतात आणि राईस यांच्या वाचनातल्या काही जागा दुरुस्त करता येतात. राईस यांनी नोंदवलेले कित्येक दगड मात्र आता जागेवर नाहीत. ते पायात गेले, गटारावर फरशी म्हणून पडले, किंवा रस्ता रुंद होताना फुटले.

कित्तय्याच्या दगडासाठी हेब्बाळच्या रहिवाशांनी पुढाकार घेतला, वर्गणी जमवली आणि त्यावर मंडप उभारला. गावातल्या देवळाबाहेर, तळ्याच्या बांधावर किंवा पाराखाली असा कोरीव दगड तुमच्या पाहण्यात असेल, तर तो येलहंक्याला असो की येवल्याला, त्याला ऑइलपेंट लावू देऊ नका, शेंदराने अक्षरे बुजवू देऊ नका, आणि जागचा हलवू देऊ नका. फोटो काढा, जागेची नोंद करा आणि जवळच्या पुरातत्त्व कार्यालयाला किंवा इतिहास मंडळाला कळवा. अक्षरे कोणत्या भाषेतली आहेत ते नंतर पाहता येईल.